अडचणीपुरते हात

"टाक! खाली टाक त्याला!"

मालक ओरडले. ओसरीवर बारशाची माणसं बसली होती. मालकांची धाकटी लेक बाळाला दुपट्यात घेऊन पायऱ्या उतरत होती. तिचा पाय परकरात अडकला आणि बाळ निसटलं. मी पायरीच्या कडेला अंगणात उभी होते. हात पुढं केले. लेकरू माझ्या हातात आलं. एवढंच झालं. कुणीही केलं असतं.

आणि लेकराचा आजा म्हणतो, टाक.

मी तशीच उभी राहिले. ठेवू कुठं? खाली खडे होते. "ऐकू येत न्हाय का गं? खाली ठीव!" म्हणत मालकांच्या भावानं काठी उचलली. मी लेकराला दुपट्यासकट भुईवर ठेवलं. ते किंचाळायला लागलं. मालकीणबाई धावत आल्या, पण आधी तांब्यातलं गोमूत्र त्याच्यावर शिंपडलं. तोंडावर. डोळ्यांवर. मगच उचललं. मी उभी होते त्या जागेवर घागर ओतली गेली आणि ते पाणी माझ्या पायांवरून वाहत गेलं.

बाळंतीण दारात उभी होती, मालकांची सून. मी तिच्याकडं पाहिलं. तिनं पदर आवळून घेतला आणि मागं सरकली. त्या सरकण्याची शिसारी मला अजून येते. गोमूत्राची आली नाही इतकी.

आम्ही मांग. बेंबळीच्या वाटेवर आमचं गाव. निजामाचं राज्य होतं, पण निजाम राहिला हैदराबादेत. गावात मालकच निजाम. गावातल्या बायांची बाळंतपणं आमच्या घराकडं. सासू करायची, तिचे हात कापायला लागले तेव्हा ते काम माझ्याकडं आलं.

बाई बाळंत झाली की घरात सुवेर पाळतात. तेवढे दिवस बाळंतिणीला घरातलं कुणी शिवत नाही. नवरा नाही, सासू नाही. तीच बाटलेली, मग तिला मांगीण शिवली तर काय बिघडलं? अशी त्यांची अक्कल. मालकांच्या या सुनेचं लेकरू आडवं आलं होतं. याच हातांनी वळवून मी ते बाहेर काढलं. नाळ कापली, वार पुरली. तिचं अंग रगडलं, शेक दिला, रक्ताची धुणी धुतली. कळा सोसताना ती माझ्या गळ्यात पडली होती. "बाई गं, तूच माझी आई," म्हणाली होती. बाराव्या दिवशी घर सारवलं, तिला न्हाऊ घातलं आणि मला मागच्या दारानं बाहेर काढलं. काल संध्याकाळी ज्या हातांवर लेकरू न्हालं, ते हात आज विटाळ झाले होते.

मालक रागीट माणूस नव्हते. असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या, मी मनात त्यांना दिल्या असत्या, फिटंफाट. पण त्यांना नीती सांगायची हौस. रोज दिवेलागणीला ढाळजेत, म्हणजे वाड्याच्या दारातल्या बैठकीत, पानाचा डबा उघडून बसायचे आणि गावाला शहाणपण शिकवायचे. आम्ही खालून ऐकायचो.

त्या संध्याकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. पायरीखाली उभं केलं. आवाज कसा, लोण्यासारखा.

"हे बघ बाई, तुझ्यावर माझा राग न्हाय. लेकराला धरलंस, चांगलं केलंस. पर नेम तो नेम. नीती म्हंजी काय? ज्यानं त्यानं आपापल्या जागी ऱ्हावं. ह्यात सगळ्यांचंच भलं हाय. आन् नीती कुणासाठी बदलत न्हाय."

बसलेल्यांनी माना डोलावल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग काल कशी बदलली, मालक?"

"काल अडचण व्हती. अडचणीला नेम नसतो."

मी गप्प बसायला हवं होतं. पोटातून आलं ते थांबलं नाही. "गेल्या उन्हाळ्यात माझी लेक तापानं फणफणली व्हती. धाराशिवच्या दवाखान्यात न्यायला म्या तुमची गाडी मागाय आले. तुमी म्हणलात, गाडी बाटंल. ती अडचण न्हवती का?"

मालकांनी पानाला चुना लावला. पानाकडं बघतच म्हणाले, "ती तुझी अडचण व्हती."

त्यांना त्यात वावगं काहीच वाटलं नाही. ज्वारी ती ज्वारी म्हणावं तसं म्हणाले. माझी लेक माझ्या खांद्यावर गेली, भर उन्हात, धाराशिवची वेस दिसायच्या आधी. वर्षभर मी नशिबाला बोल लावत होते. त्या पायरीखाली मला कळलं, नशीब नव्हतं ते. ती यांची नीती होती.

रहिमाबी बांगड्या भरणारी. बारशाला आलेल्या बायांना बांगड्या भरायला ती त्या दिवशी वाड्यावर होती, सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालं. दुसऱ्या दिवशी ती आमच्या वस्तीत आली. आमच्यात ती भुईवर मांडी घालून बसायची. कुणाच्याही हातात बांगडी भरायच्या आधी ती दोन बांगड्या एकमेकींवर हलकेच वाजवायची. चांगली असली तर खणखणते. पिचलेली बद्द वाजते.

"डोळ्याला दोनी सारक्याच दिसत्यात," ती म्हणाली. "नवी, चकचकीत. हातात भरताना फुटती आन् मनगट कापती. म्हणून आधी वाजवून बघायचं. मालकाचं बोलणं असंच हाय बघ. ऐकाय लई ग्वाड."

ती गेली आणि मी मालकांची नीती वाजवायला घेतली. दुसऱ्याच्या शेतात खुरपता खुरपता, सरपण तोडता तोडता. सगळ्यांचं भलं म्हणतात, त्या सगळ्यांत मी आहे का? माझं भलं कशात, हे मला कुणी विचारलं? बद्द. आपापल्या जागी राहावं, हे माणूस वरच्या जागेवर बसून बोलतो. त्याला उचलून आमच्या वस्तीत जन्माला घाला, मग बोलेल का? बद्द. बदलत नाही म्हणतात, आणि त्यांच्या सुनेला कळा आल्या की बदलते, माझ्या लेकीला ताप आला की बदलत नाही. म्हणजे ती नीती नव्हेच. ती मालकांची सोय आहे, तिला सोवळं नेसवलंय. आणि हे सगळं राहू द्या. जी नीती बारा दिवसांच्या लेकराला खड्यांवर टाक म्हणते, ती नासली आहे हे कळायला पोथी कशाला लागते?

पण वाजवायला घेतलं की आपल्या घरातलंही वाजतं. आमच्या मांगांपुढं हात पसरणारे दक्कलवार असतात, त्यांना आम्ही वस्तीबाहेर ठेवतो. एक दक्कलवारीण दारात आली की सासू भाकरी वरून टाकायची, हात लागू नये म्हणून. त्या आठवड्यात मी सासूच्या हातातली भाकरी काढून घेतली आणि त्या बाईच्या हातात दिली. तिला आत बसवलं. सासू दोन दिवस धुसफुसत होती. म्हणाली, "आपलं असतंय तसं असतंय." तेही बद्दच वाजलं.

पुढं मालकांची सून पुन्हा अडली, तेव्हा मुलखात रझाकारांची धास्ती होती. पैसेवाली घरं येडशीला आगगाडी धरून निजामाच्या हद्दीबाहेर, बार्शीकडं निघत होती. वाड्यातही बांधाबांध चालली होती, आणि त्यातच तिला कळा लागल्या. मालक स्वतः आले. वस्तीच्या तोंडाशी थांबले, आत पाऊल टाकलं नाही.

"चल बाई, लवकर चल. पोरगी मरंल."

सासू माझ्या कानाशी म्हणाली, "जाऊ नगंस. त्यांची अडचण हाय न्हवं, मरू दे त्यांना."

माझ्याही जिभेवर तेच होतं. ती तुमची अडचण. म्हणायची किती इच्छा झाली होती! माझ्या लेकीच्या नावानं म्हणायची. पण ते म्हटलं असतं तर मालकांचीच नीती माझ्या तोंडात आली असती. आत एक बाई मरणाच्या दारात होती. तिनं माझ्यापुढं पदर आवळला होता, पण म्हणून तिच्या कळा खोट्या होत नव्हत्या. पदर खोचून मी उठले.

"येते," मी म्हणाले. "पर पुढच्या दारानं येणार. आन् बारशाला बी त्याच दारानं येणार. लेकरू पाळण्यात म्या घालणार."

"व्हय, व्हय. तू म्हणशील तसं."

"शबुद?"

"शबुद दिला. चल आता."

मुलगी झाली. दोघी वाचल्या. बाळंतिणीपायी वाड्याचं निघणं लांबलं. रोज पुढच्या दारानं मी आत जात होते आणि कुणी हूं की चूं केलं नाही. बाराव्या दिवशी त्याच दारात मालकांचा भाऊ आडवा उभा राहिला.

"मागनं जा. धुण्याचं गठुडं तिथं ठिवलंय, ते घिऊन जा."

मी त्याच्या खांद्यावरून ओसरीकडं बघितलं. "मालक, तुमी शबुद दिला व्हता."

मालक हसले. "अगं, ती अडचण व्हती. अडचणीतला शबुद काय धरून बसतीस?"

ओसरी हसली. बाळंतीण खाली मान घालून बसली होती. माझ्या अंगावर काटा आला, किळसेचा. आयुष्यभर रक्त, पू, गू हातानं काढला, कधी किळस वाटली नव्हती. ती त्या हसणाऱ्या तोंडांची वाटली.

मी मागच्या दाराला गेले. रक्ताच्या फडक्यांचं गाठोडं उचललं, वाड्याला वळसा घालून पुन्हा पुढं आले आणि उंबऱ्यावर ठेवून गाठ सोडली. पाहुण्यांनी नाकाला पदर लावले. भावाच्या हातात काठी होती, पण त्या फडक्यांना ओलांडून यायला तो धजला नाही.

"नीती बदलत न्हाय म्हंता न्हवं?" मी म्हणाले. "मग ही घाण तुमच्या घरची. काल बी तुमचीच व्हती, आज बी तुमचीच. धुवा."

आणि पुढच्या दारापासूनच चालत निघाले. मागून शिव्या येत होत्या. शेवटी मालकही रागीट निघाले.

आमचं बलुतं बंद झालं. सासू कपाळ बडवून रडली, आता खायाचं काय म्हणाली. तिचं खोटं नव्हतं. आम्ही खडी फोडायला गेलो. उपासही काढले. ज्यांना वाटतं की मान वर केली की पोट आपोआप भरतं, त्यांनी येऊन बघावं.

बाई अडली की मी अजून जाते. कुठल्याही घरची असो. हात धुते, कामाला लागते, लेकरू आईच्या कुशीत देते. पण घाण धूत नाही, वरून टाकलेलं घेत नाही आणि मागच्या दारानं निघत नाही. आणि कुणी नीती सांगायला आला, तर त्याला आधी पायरीखाली उभा करीन, मी उभी होते तिथं, मेलेली लेक त्याच्या खांद्यावर देऊन. तिथून त्याला तेच शब्द उच्चारता आले तर ऐकीन. नाही आले तर त्याच्या तोंडावर सांगीन, की बाबा, तुझी नीती नासलीय, उचल आणि चालता हो.