आईंना न सांगितलेलं डायलिसिस

"क्रिएटिनिन नऊच्या वर गेलंय," डॉक्टर म्हणाले आणि रिपोर्टचा कागद त्यांनी आमच्याकडे फिरवला. "दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्या आहेत. याच आठवड्यात डायलिसिस सुरू करावं लागेल."

"किती दिवस?" सुधीरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, विचारलं. अँटिबायोटिकचा कोर्स असावा तसं.

"ट्रान्सप्लान्ट होईपर्यंत. नाही झालं तर कायम."

अशा वेळी माणसाला रडू येतं म्हणतात. मला राग आला. क्रिएटिनिन म्हणजे शरीरातला कचरा, जो किडनी रोज गाळून बाहेर टाकते. तो एवढा साठेपर्यंत हा माणूस काय करत होता? पाय सुजले तेव्हा डॉक्टरकडे जायचं सोडून त्याने एक नंबर मोठे सँडल घेतले. ब्लड प्रेशरच्या गोळ्या "आता बरं वाटतंय" म्हणून स्वतःच बंद केल्या. उलटीसारखं व्हायला लागलं तेव्हा ऑफिसच्या कँटीनला नावं ठेवली. मी मागे लागले की म्हणायचा, "तुला प्रत्येक गोष्टीत आजार दिसतो." दिसला एकदाचा.

हे मी लिहितेय ते तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरात उद्या हेच घडणार आहे म्हणून. आमच्या घरी ज्या गोष्टीने घात केला, ती कुठल्याही रिपोर्टमध्ये नव्हती.

दवाखान्यातून भाईंदर पूर्वेला घरी येताना रिक्षातच सुधीर म्हणाला, "आईला सांगायचं नाही."

आई म्हणजे माझ्या सासूबाई. आम्ही गिरगावातून इथे आलो तेव्हापासून आमच्याकडेच असायच्या. पंचाहत्तरी उलटलेली, पण देवळात, बाजारात एकट्या जाणाऱ्या. गिरगावच्या चाळीत शेजारचे एक गृहस्थ डायलिसिसला जायला लागले आणि थोड्याच दिवसांत वारले. तेव्हापासून डायलिसिस म्हणजे शेवट, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. सुधीरची बहीण ज्योतीताई डोंबिवलीहून फोनवर म्हणाली, "आईला झेपणार नाही गं. अशक्तपणा आहे, सलाईन लावतात, असं सांगू." मी म्हटलं, हे चालणार नाही, आई घरातच असतात. पण दोन भावंडांनी एकदा ठरवल्यावर सुनेचं कोण ऐकतं!

डायलिसिस म्हणजे तुमचं रक्त नळीतून मशीनमध्ये जातं, तिथे धुऊन निघतं आणि परत अंगात येतं. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास. आमचे वार मंगळवार, गुरुवार, शनिवार. त्यासाठी हातात फिस्टुला करतात, म्हणजे एक धमनी आणि एक शीर छोट्या ऑपरेशनने जोडतात, म्हणजे शीर जाड होऊन सुया टोचता येतात. ती तयार व्हायला काही आठवडे लागतात. तोवर मानेत नळी. ती आईंना दिसू नये म्हणून सुधीर ऐन मे महिन्यात घरात कॉलरचा शर्ट वरच्या बटणापर्यंत लावून बसायचा. आई म्हणायच्या, "अरे, काय लग्नाला निघालायस?"

सेंटर मीरा रोडला, बेव्हर्ली पार्कच्या पुढे. पहिल्या महिन्यात मी ऑफिसातून रजा काढून त्या वेटिंग रूममध्ये बसले. एसी फुल, टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम. ज्यांना मीठ नाही, पाणी मोजून आणि टोमॅटो-बटाटा विचारून खायचा, अशा माणसांसमोर टीव्हीवरची बाई पावभाजीत लोण्याचा गोळा सोडायची. मी रिमोट मागितला तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, रिमोट सर के पास है." ते सर मला कधीच दिसले नाहीत.

मी किडनी द्यायला तयार होते. तपासण्यांमध्ये मलाच डायबेटीस निघाला. ज्योतीताईला ब्लड प्रेशर. बंगळुरूची आमची लेक रडून म्हणाली, "मी देते." सुधीरने फोन ठेवून दिला. मग नाव वेटिंगमध्ये नोंदवलं आणि वाट बघत बसलो.

लोकांबद्दल तर बोलायलाच नको. आईंच्या कानावर जाऊ द्यायचं नाही असं बजावून ठेवलं होतं, बाकी सोसायटीतला प्रत्येक जण डॉक्टर. कुणी म्हणे पुनर्नवेचा काढा, कुणी म्हणे अमुक गावचा वैद्य, कुणी म्हणे "पॉझिटिव्ह रहा". पॉझिटिव्ह रहा म्हणणाऱ्याला एक दिवस चार तास त्या खुर्चीत बसवावंसं वाटायचं.

माझी रजा संपली, ऑफिस सुरू झालं. मला वाटलं, बसली एकदाची घडी. सुधीर एकटा जाऊ-येऊ लागला.

मग एका रविवारी सकाळी बाथरूममधून बाहेर येताना त्याचे पाय लुळे पडले. खाली बसला तो उठेना. म्हणाला, "पायात जीवच नाही." मी आणि वॉचमनने त्याला खुर्चीत घालून लिफ्टने खाली आणलं. आई अनवाणी मागे आल्या. त्यांना घरी थांबा म्हणायलाही मला सुचलं नाही.

कॅज्युअल्टीत ईसीजी काढला, रक्त घेतलं. डॉक्टर धावतच आले. "पोटॅशियम खूप वाढलंय. हार्ट कधीही थांबू शकतं. लगेच डायलिसिसला घ्या. काय खाल्लं-प्यायलं यांनी?"

पोटॅशियम आपल्या सगळ्यांच्या खाण्यात असतं. जास्तीचं किडनी बाहेर टाकते. किडनीच चालत नसेल तर ते रक्तात साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं.

"काहीच नाही हो. सगळं पथ्याने चाललंय," मी म्हटलं.

"नारळपाणी? केळं?"

मी नाही म्हणणार, तेवढ्यात मागून आईंचा आवाज आला. "शहाळं. मी देत होते. रोज दुपारी."

अशक्त माणसाला शहाळं द्यायचं, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. मुलगा सलाईन लावून येतो, तोंड सुकलेलं असतं, पाणी पीत नाही, आईने काय करावं? मी ऑफिसला गेले की त्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन शहाळं घेऊन यायच्या. वर देवळातला केळ्याचा प्रसाद. आणि हा पठ्ठ्या प्यायचा. नाही का म्हणतोय हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. शिवाय तहान. दिवसाला एक लिटरसुद्धा पाणी नाही, अशा माणसासमोर आईने गार शहाळं धरल्यावर तो काय करणार!

सुधीरला आत नेल्यावर बाहेरच्या बाकड्यावर मी आईंना खरं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्याच हाताने देत होते गं मी." एवढंच. मी बाहेर जाऊन ज्योतीताईला फोन लावला आणि मनात होतं नव्हतं ते सगळं बोलून घेतलं. पार्किंगमधली माणसं वळून बघत होती.

सुधीर वाचला. पण घर बिघडलं. पुन्हा कुणी काही खायला आणू नये म्हणून मी दारावर "कृपया भेटायला येऊ नये" अशी पाटी लावली आणि माणसं खरंच यायची थांबली. आईंनी स्वयंपाकघरात पाऊल टाकणं सोडलं. "माझ्या हाताला नको काही लागायला," म्हणायच्या. देवासमोर दिवा लावायच्या, पण बसायच्या नाहीत. सुधीर भिंतीकडे तोंड करून पडायचा. आईचं तोंड बघवत नाही म्हणायचा. दोघं एकाच घरात एकमेकांना चुकवत होते आणि मी मधल्या मध्ये कुकर लावत होते. देवावर माझा आधीपासून राग होता. त्या दिवसांत मी त्याला सरळ शिव्या दिल्या.

एका गुरुवारी सुधीर उठलाच नाही.

"आज नाही जायचं. शनिवारीही नाही. बास झालं."

मी समजावलं. मग ओरडले. दोन-तीन वेळा चुकवलंस तर छातीत पाणी भरेल, श्वास कोंडेल, हे त्याला माहीत होतं. "माहितीये," तो म्हणाला, "म्हणूनच म्हणतोय." लेकीचा फोन घेतला नाही. मी बेडरूमच्या दाराशी उभी होते. निम्मी घाबरलेली, निम्मी संतापलेली.

तेवढ्यात आई बाहेर आल्या. काठापदराची साडी, हातात पर्स. आजच्या दिवशी कुठे निघाल्या या?

"सुधीर, मला ते मशीन दाखव."

त्याने चादर डोक्यावर ओढली.

"माझ्या मुलाचं रक्त कुठे जातं आणि कुठून येतं, ते मला बघायचंय. तुम्ही सगळ्यांनी मला सलाईन सांगितलंत. आता मी कुणाचं ऐकणार नाही. डोळ्यांनी बघणार. ऊठ."

पन्नाशीचा माणूस उठला. आईला मशीन दाखवायला म्हणून उठला, एवढंच. पण उठला.

सेंटरमध्ये नातेवाइकांना आत सोडत नाहीत. आईंनी टेक्निशियनला काय सांगितलं कोण जाणे, त्याने आम्हा दोघींना मास्क, टोपी घालून पाच मिनिटं आत येऊ दिलं. सुया लागल्या, लाल नळ्या फिरायला लागल्या. मला वाटलं, आता या कोसळणार. त्यांनी पर्समधून कुंकवाचा करंडा काढला.

"आजी, मशीन को हाथ मत लगाना!" टेक्निशियन ओरडला.

"नहीं लगाती रे बाबा. लांबसेच करती," आई म्हणाल्या. करंडा परत ठेवला आणि लांबूनच हात जोडले, डोळे मिटून, अगदी सावकाश.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजूबाजूचे सगळे पेशंट बघत होते. यंत्राला कसला नमस्कार? ते कंपनीचं मशीन, त्याला काय कळतंय? मी त्यांना बाहेर न्यायला हात धरला आणि सुधीरकडे बघितलं. तो हसत होता. कित्येक महिन्यांनी.

शेजारच्या खुर्चीतले डॉमनिककाकाही हसले. उत्तनजवळच्या चौक गावचे, जन्म मासेमारीत गेलेला. बसने भाईंदर स्टेशन आणि पुढे रिक्षा करून आठवड्यातून तीनदा यायचे. म्हणाले, "मावशे, माजी बायको पन मेणबत्ती लावते या मशीनच्या नावानं. सा वरसं झाली, चालू हाय आपलं. दुपारी घरी जाऊन जाळी शिवतो."

"सहा वर्षं?" आईंनी विचारलं. चाळीतले ते गृहस्थ सहा महिनेही टिकले नव्हते. त्यांनी डॉमनिककाकांना खालपासून वरपर्यंत बघितलं. मग सुधीरकडे बघितलं. बाहेर येऊन खुर्चीत बसल्यावर त्या पहिल्यांदा रडल्या, आणि रडून झाल्यावर म्हणाल्या, "भूक लागली."

तेव्हापासून डायलिसिसच्या दिवशी सुधीरच्या आधी त्या तयार. त्या तयार होऊन बसल्या की तो कुरकुरत उठायचा. वेटिंग रूममध्ये कोण कुठला, कुणाची सून कशी, कुणाच्या नातवाची परीक्षा कधी, सगळं त्यांना पाठ. दारावरची पाटी त्यांनीच काढली. आलेल्याला दारातच सांगायच्या, "शहाळं आणलं असशील तर तूच पी."

डॉक्टरांनी रोज फिस्टुला तपासायला शिकवलं होतं. शिरेवर तळवा ठेवला की आत बारीक थरथर लागते, तिला थ्रिल म्हणतात. ती लागली की रस्ता मोकळा आहे. आईंनी ते काम आपल्याकडे घेतलं. सकाळी पूजा आटोपली की सुधीरच्या मनगटावर तळवा ठेवून डोळे मिटायच्या. "चालू आहे," म्हणायच्या आणि चहा टाकायला जायच्या. त्यांच्या लेखी ती पूजेचीच शेवटची पायरी होती. मी कधी देवासमोर बसत नाही. पण त्या गावाला गेल्या की मीही तळवा ठेवायला लागले, आणि थरथर लागेपर्यंत माझ्या तोंडून काहीतरी निघायला लागलं. त्याला प्रार्थना म्हणायचं तर म्हणा.

तुमच्या घरात हा आजार आला तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पहिल्या दिवशी सांगा. झेपेल की नाही हे तुम्ही ठरवू नका. जे प्रेमाने खाऊ-पिऊ घालतात, त्यांना काय घालायचं नाही हे माहीत असायलाच हवं. बाकी राग येईल तर येऊ द्या. मला अजून येतो. ट्रान्सप्लान्टच्या यादीचा येतो, पावभाजीवालीचा येतो, सुधीर चोरून लोणच्याची फोड खातो तेव्हा तर फारच येतो.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आई दुपारच्या जेवणानंतर झोपल्या, त्या उठल्या नाहीत. इतक्या शांतपणे की शेजारच्या खोलीत पेपर वाचणाऱ्या सुधीरला कळलंही नाही. संध्याकाळी त्याने अग्नी दिला.

सोमवारी घर माणसांनी भरलं. सुधीरचे काका, आईंचे धाकटे दीर, गिरगावहून आले होते. त्यांनी सांगून टाकलं की अग्नी देणाऱ्याने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही. ज्योतीताईने माझ्याकडे बघितलं. सुधीर कोपऱ्यात चटईवर बसला होता, मुंडण केलेलं, नजर जमिनीवर. त्या गप्प बसण्याचीच मला धास्ती वाटली. डायलिसिसला जायचं नाही म्हणाला त्या गुरुवारीही तो असाच भिंतीकडे बघत पडला होता, आणि आता त्याला उठवायला घरात कुणी नव्हतं.

मंगळवारी सकाळी मी भांडायच्या तयारीनेच उठले. काकांना काय बोलायचं, ज्योतीताईला काय, सुधीरला काय, सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. एकेकाला सोडणार नव्हते. चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तर सुधीर शर्ट घालून दाराशी उभा होता, फिस्टुलाच्या हाताची बाही दुमडलेली.

"अरे, सुतक आहे," काका म्हणाले.

"माहितीये काका. तिच्याच कामाला चाललोय," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "मीनल, ठेव तो ट्रे. उशीर झाला तर मशीन दुसऱ्याला देतात."

काकांनी ट्रेमधला चहाचा कप उचलला. माझी सगळी वाक्यं तशीच राहिली. लिफ्टमध्ये मात्र मला रडू आवरलं नाही. सुधीरने माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि खाली उतरल्यावर रिक्षाही त्यानेच थांबवली.