नावाआधी नातवंडं

नागोयात इतकी वर्षं काढलीस, तिकडून शिकून काय आलीस, असं मला अजून कुणीही विचारतं. माझ्या बरोबरीच्या बायका फुलं रचायला शिकल्या, एक तर किमोनो नेसवायला शिकून आली. मी मांडूळ वाढवले. एवढं म्हटलं की समोरच्याची नजर आधी माझ्या पर्सकडे जाते.

आपल्याकडे मांडूळ म्हणजे दुतोंड्या. जमिनीतलं धन दाखवणारा, आणि पाळलात तर थेट पोलीस चौकी दाखवणारा. माझे मांडूळ तसले नव्हते. ते त्यांचे आफ्रिकेतले चुलतभाऊ: नारिंगी अंगावर चॉकलेटी डाग, वाळूत तोंड खुपसून दिवसभर ध्यान, आणि डोळे थेट टाळूजवळ. कुळ मात्र बोआचं, म्हणजे अजगराच्या भाऊबंदांचं. मोठा बोआ घरात पाळायला जपानात आता बंदी आहे, म्हणून आमचे हातभरच लांब. ही बंदी मी सासूबाईंच्या कानावर घातलेली नाही. त्यांच्या समजुतीप्रमाणे मी तिकडे रोज सकाळी अजगराशी कुस्ती खेळत होते, आणि त्या समजुतीचे मला फायदे आहेत.

नवरा गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. तो सकाळी गेला की मी आणि भिंती. म्हणून मी बाइतो शोधायला लागले, म्हणजे आपलं पार्टटाइम काम. कोंबिनीवाल्याने, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानवाल्याने, मला आठवड्यात काढलं, कारण मी गिऱ्हाइकांना दुधाच्या खोक्याबरोबर सल्लेही देत होते. स्टेशनामागे, सायकलवाला आणि कॉफीचं दुकान यांच्या मधोमध एक सापांचं दुकान होतं, तिथे मात्र माझी बडबड हीच पात्रता ठरली. तिथले मालक बोलतच नसत. सत्तरीचे, काटक, चष्म्याला दोरी. सगळे त्यांना तेन्चो म्हणत, म्हणजे दुकानाचे प्रमुख. ते मला ओकुसान म्हणत, जे आपल्या ‘वहिनी’ आणि ‘बाई’ यांच्या मधे कुठेतरी बसतं.

माझ्या पहिल्याच वर्षी दुकानातल्या एका मादीला पिल्लं झाली. हे साप अंडी घालत नाहीत, थेट पिल्लंच देतात. सगळी नारिंगी-चॉकलेटी, एक नर सोडून. त्याच्या अंगावर डाग नव्हतेच. सायीसारखा पिवळट रंग, त्यावर बारीक बारीक ठिपके, जणू वरून मोहरीची फोडणी उडाली. मी अशी ओरडले की तिकडे दूर कावासाकीच्या माझ्या मावसबहिणीने फोन करून विचारलं, काय झालं म्हणून.

तेन्चोंनी त्याच्या डब्यावर चिठ्ठी लावली: ‘विचित्र’. भावंडं एकेक करून विकली गेली. हा राहिला, कारण तेन्चो तो विकेनात.

“काय सांगून विकू?” ते म्हणाले.

“नवी जात म्हणून सांगा!”

“कोण म्हणतं नवी जात?”

“मी म्हणते!”

त्यांनी चहा प्यायला. त्यांच्याकडे उत्तर नसलं की ते चहा पीत, आणि उत्तर असलं तरी आधी चहाच पीत.

वर्षाअखेरीला दुकान घासूनपुसून झाल्यावर त्यांनी तो डबा माझ्या हातात ठेवला. “ओकुसान, तुम्ही याच्याशी फार बोलता. याची सवय मोडणार नाही आता. घरी न्या.” मला आजवर कुणी हिरा दिलेला नाही, पण दिला असता तरी मी तो ट्रेनमध्ये असा मांडीवर दोन्ही हातांनी धरून नेला नसता.

घरी नवऱ्याने एकच अट घातली: सापाचं तोंड त्याच्याकडे असता कामा नये. आता मांडुळाचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठली हे त्याला कधीच कळलं नाही, त्यामुळे तो पुढची सगळी वर्षं त्या खोलीतून डोळे मिटून गेला. फ्रीझरमध्ये वरच्या कप्प्यात ओलं खोबरं, खालच्या कप्प्यात गोठवलेले उंदीर. मोदकांच्या दिवशी तो मला तीनतीनदा विचारायचा, “वरचाच कप्पा ना गं?”

मी सापाचं नावही ठेवून टाकलं: कोहिनूर. कार्डं छापली. सापांच्या प्रदर्शनात दुकानाच्या टेबलावर त्याला मांडला, पुढे सोनेरी अक्षरांत कार्ड. मोठमोठे पैदासकार येऊन वाकून बघत, दातांतून हवा आत ओढत आणि पुढे जात. मला वाटलं, भारावले. जेवणाच्या सुट्टीत तेन्चोंनी कार्ड अलगद काढून खिशात ठेवलं आणि मला समोरच्या कॉफीच्या दुकानात नेलं.

तिथे टोस्टवर गोड लाल चवळीचं सारण पसरता पसरता त्यांनी मला त्यांच्या जगाचा रिवाज सांगितला. नवा रंग, नवी नक्षी कुठेही उगवते. गर्भार मादीला ऊब कमीजास्त झाली तरी पिल्लाची नक्षी फिसकटते. (आपल्याकडे नाही का, ग्रहणात बाई विळीवर बसली की बाळाला डाग.) असला अपघात त्या सापाबरोबर मरतो. नक्षी रक्तात आहे हे पिल्लांनी किंवा नातवंडांनी दाखवलं, की तिला सिद्ध झाली म्हणतात. आणि जो सिद्ध करतो तोच नाव देतो. त्याआधी नाव देणं म्हणजे...

“म्हणजे काय?” मी विचारलं.

तेन्चोंनी माझ्याकडे बघितलं, मग टोस्टकडे. “मघाशी जे लोक टेबलाशी वाकून गेले ना, ते सगळे हसायला बाहेर गेले होते.”

मला कोपऱ्यावरच्या गटारात उडी मारावीशी वाटली. पण नागोयात गटारांनाही झाकणं असतात. मी ठरवलं, सिद्ध करीनच. सोनेरी कार्डाच्या जागी खरं कार्ड लावीनच.

तेन्चोंनी त्यांची सगळ्यांत तालेवार मादी कोहिनूरला देऊ केली. अशी मादी कुणी आपल्या सख्ख्या भावाला देत नाही. पुढच्या वेताला आमच्या मराठी बायकांचा अख्खा व्हॉट्सअॅप ग्रुप श्वास रोखून बसला. पिल्लं झाली. सगळी नारिंगी, सगळी चॉकलेटी. ग्रुपवर पहिलाच मेसेज आला, “काय गं, कोहिनूरचे सगळे कोळसेच निघाले!” त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग नागोयापासून कोबेपर्यंत.

मी तेन्चोंना म्हटलं, “संपलं. टाका विकून.”

“ओकुसान, तुमच्याकडे काळ्या डोळ्यांच्या आईबापांना घाऱ्या डोळ्यांची मुलगी होते का?”

“होते. मग आधी शेजारी कुजबुजतात, नंतर कुणीतरी पणजीचा फोटो काढतं.”

“हे तसंच असेल. नक्षी लपली असेल. मुली वाढू द्या, मग त्या पुन्हा याच्याचकडे.” बापाकडेच लेक म्हटल्यावर मी कानावर हात ठेवले. ते म्हणाले, “सापांना तुमचे नियम माहीत नाहीत.” मग चहा.

मुली वाढायला तीन-चार वर्षं. आणि आमचं पोस्टिंग म्हणजे दर मार्चला ‘अजून एक वर्ष’. त्या एका वाक्यावर माझं हृदय टांगलेलं असायचं. इतर बायका घरी परत जायच्या आशेने मार्चची वाट बघत, मी न जायच्या. तेन्चोंनी दोन मुली आपल्या मागच्या खोलीत ठेवून घेतल्या. त्यांचं खाणंपिणं, उन्हाळ्यातला एसी, हिवाळ्यातले हीटर, सगळं त्यांनी केलं आणि मला कधी त्याचा उच्चारही करू दिला नाही. मी विषय काढला की ते सायकलवाल्याकडे हवा भरायला निघून जात. त्यांच्याकडे सायकल नव्हती.

अखेर त्यातली एक पुरती वाढली, कोहिनूरला दिली, तिचं पोट फुगायला लागलं. तेन्चोंचा अंदाज तिकडचा उन्हाळा सरताना, म्हणजे ऑगस्टअखेरीचा. आणि त्याच आठवड्यात नवऱ्याच्या ऑफिसातून निरोप आला: यंदा परत, जूनअखेर पुण्याला हजर.

साप बरोबर नेता येणार नव्हतेच, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण निकाल न बघता जायचं? तेन्चो म्हणाले, “मी फोन करीन. फोटो पाठवीन.” मी म्हटलं, हो हो, त्यात काय. घरी आले आणि प्लास्टिकसाठीच्या पिशवीत जाळायचा कचरा भरून खाली ठेवून आले, जे तिकडे महापाप. खालच्या मजल्यावरच्या आजी ती पिशवी दोन बोटांत धरून वर आल्या, पण माझं तोंड बघून तशाच परत गेल्या आणि पिशवी त्यांनीच निवडून टाकली. नागोयात याहून मोठी माया मी बघितली नाही. नवऱ्यालाही तेव्हाच कळलं की प्रकरण हाताबाहेर गेलंय.

दुसऱ्या दिवशी हा माणूस, ज्याने उभ्या जन्मात स्वतःसाठी रजा मागितली नव्हती, तो आपल्या जपानी साहेबांसमोर जाऊन उभा राहिला. पुढचं त्याच्याच तोंडून ऐकलेलं, त्यामुळे मी फक्त दुप्पट करून सांगते.

“आम्हाला सप्टेंबरपर्यंत राहता येईल का?”

“कारण?”

“बायकोचा एक साप गाभण आहे.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. सबंध मजल्याने मान वळवली. झेरॉक्स मशीननेसुद्धा. मग साहेबांनी विचारलं, “कशासाठी गाभण आहे?”

नवऱ्याने, ज्याने तो साप एकदाही डोळे उघडून बघितला नव्हता, सगळं समजावलं. विचित्र नर, साधी मुलं, लपलेली नक्षी, नातवंडांनी होणारी सिद्धता. फळ्यावर आनुवंशिकतेची चौकट काढूनसुद्धा. हे सगळं त्याला कसं पाठ? मी रोज रात्री जेवताना बडबडते ते तो ऐकत होता म्हणे! इतकी वर्षं मला वाटायचं तो फक्त आमटी वाढून घेतोय.

साहेब फळ्याकडे बघत म्हणाले, “म्हणजे चाचणी चालू आहे.”

“हो.”

“चाचणी चालू असताना माणूस हलवायचा नसतो.” आणि त्यांनी कॅलेंडर उघडलं. गाडीचा साधा ब्रेकसुद्धा पुरता तपासल्याशिवाय पुढे सरकवायचा नाही, या शिस्तीत त्यांचे केस पिकले होते. त्यांना बाकी काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

वेत आलं ते एका उकाड्याच्या सकाळी. वाळू हलली, मादी वर आली. पहिलं पिल्लू नारिंगी. दुसरं नारिंगी. तिसरं, चौथं. मी तेन्चोंचा हात इतका दाबला की त्यांची बोटं त्यानंतर एक इंच लांब झाली असावीत. मग एक पातळ पडद्यातली गुंडाळी बाहेर आली, पडदा फाटला, आणि आतून साय सांडली. सायीवर मोहरी. त्याच्यामागे आणखी एक तसंच. मग आणखी एक.

तेन्चोंनी चष्मा काढला, पुसला, घातला. “सिद्ध,” ते म्हणाले, आणि चहा प्यायला विसरले.

मी म्हटलं, आता रीतसर बारसं. दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी आमच्या बायका घुगऱ्यांचे डबे घेऊन आल्या. साहेब कोट घालून, मिठाईचा खोका दोन्ही हातांत धरून आले. पाळणा नव्हता, भाजीची परडी होती, आणि तिच्याशेजारी डोळे मिटून माझा नवरा. आणि तिथे एकीने प्रश्न काढला, “आत्या कोण? नाव तर आत्याच ठेवते.”

“कोहिनूरला बहीण होती,” मी म्हटलं, “ती तेन्चोंनी विकली.”

“मग विकली त्यानेच आत्या व्हायचं!”

तेन्चोंना हे समजावायला अर्धा तास गेला. ते मान हलवत होते. सिद्ध ओकुसाननी केलं, नावाचा हक्क ओकुसानचा, रिवाज आहे. मी म्हटलं, “हक्क माझा ना? मग मी तो तुम्हाला दिला. तुम्ही मला साप दिलात, मी तुम्हाला नाव दिलं. फिट्टंफाट मुळीच नाही, पण घ्या.”

ते परडीवर वाकले. कुणीतरी सांगितलं, कानात सांगायचं. सापाला बाहेरून कान नसतात हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यांना तर सगळ्यांत जास्त. तरी त्यांनी अंदाजाने जागा शोधली आणि हळूच म्हणाले, “वाई.”

माझं माहेर वाईचं. हे मी त्यांना कधीतरी, बहुधा हजार वेळा, सांगितलं असणार.

“तेन्चो, हे चुकीचं आहे!” मी ओरडले. “लोकांना वाटेल हा साप वाईचा! आफ्रिकेतला साप, नागोयात जन्मलेला. उगाच खोटं कशाला?”

माझा नवरा डोळे उघडून बघायला लागला, कारण ‘खोटं कशाला’ हे वाक्य त्याने माझ्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

“मी तर डब्यावर ‘विचित्र’ लिहून मोकळा झालो होतो,” तेन्चो म्हणाले. “तुम्ही नसतात तर तो तसाच मेला असता. तो वाईचाच आहे. मी सिद्ध करू शकतो.”

मग आमच्या बायकांनी रिवाजाप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घातले. सगळ्यांत जोराचा माझा होता. साहेब दचकले, मग त्यांनी मिठाईचा खोका खाली ठेवला, वाकून माफी मागितली आणि तेन्चोंच्या पाठीत एक अगदी मोजका, तपासून घेतलेला धपाटा घातला.