ठोकून बघितलं का?

रोज सकाळी नऊ वाजले की बंकट घड्याळाकडं बघत बसायचा. नऊला त्याचा मुलगा रामेश्वर विहिरीत उतरायचा.

बंकटनं स्वतः तीस वर्षं विहिरी खोदल्या होत्या. अकरा वर्षांपूर्वी उजवा गुडघा गेला आणि काम सुटलं. तो पाय अजून वाकत नाही. आता पोरगा तेच काम करतो. उन्हाळ्यात जुन्या विहिरी खोल करायच्या असतात. संध्याकाळी सुरुंग उडवायचे, रात्रभर धूर जाऊ द्यायचा आणि सकाळी उतरून दगड वर काढायचे. ती सकाळच वाईट. हादरलेला दगड कडेला नुसता टेकून उभा असतो, दिसायला पक्का. म्हणून जो पहिला उतरतो त्यानं पहारीनं सगळी कड गोल ठोकायची. पक्का दगड खणखण बोलतो, सुटलेला बद्द बोलतो. गोल पुरा झाल्याशिवाय दुसऱ्यानं उतरायचं नाही आणि घमेल्याला हात लावायचा नाही.

रामेश्वर घरी आला की बंकट रोज विचारायचा, "ठोकून बघितलं का?"

"बघितलं, आबा." रामेश्वर बूट काढता काढताच म्हणायचा.

बाराला भाकरी खायला वर आला की तो घरच्या मोबाइलवर मिस कॉल द्यायचा. नऊ ते बारा हे तीन तास बंकटला सरत नव्हते. ते सरावेत म्हणून नात आरोहीनं त्याला ठोकळ्यांचा गेम शिकवला.

आरोही सातवी पास झाली होती, शाळेला सुट्टी होती. या गेममध्ये सगळी जमीन ठोकळ्यांची. माती, दगड, कोळसा, लोखंड. जिंकायचं असं काही नाही. खोदा, बांधा, राहा. खाली खोल गेलं की आगीचा रस लागतो. त्यात पडलं की अंगावरचं सगळं जळून जातं. बंकटनं पहिल्याच दिवशी विचारलं, "विहीर खांदता येती का ह्यात?"

येत होती. त्यानं सरळ खड्डा केला नाही. कडेकडेनं पायऱ्या घेतल्या आणि दर पाचव्या पायरीला मशाल लावली. उभ्या जागेखालचा ठोकळा कधी फोडला नाही. जवळ आगीचा रस असला की गेममध्ये बुडबुड्यांचा बारीक आवाज येतो. म्हणून दर ठोकळ्याआधी तो मोबाइल कानाला लावायचा. दीड महिन्यात चाळीस ठोकळे खोली झाली होती.

त्याची बायको कडूबाई दळण निवडता निवडता म्हणायची, "जलम गेला खांदण्यात, आता मोबाइलमधी खांदा. हितं हापशाला पाणी न्हाई, तितं लागंल."

"तू खडं बघ ज्वारीतलं. दात पडंल माझा."

"ऱ्हायलेत किती?"

एक दिवस आरोही रागानं लाल झाली होती. तिच्या वर्गातला रविराज गेवराईला मामाकडं गेला होता. तिथं त्यानं गेममध्ये काही तरी टाकून घेतलं होतं. त्यामुळं म्हणे जमीन काचेसारखी दिसते आणि लोखंड कुठं, आग कुठं, सगळं वरूनच कळतं.

"आबा, ही चीटिंग हाय का न्हाई? तुमी सांगा."

कष्टाच्या बाबतीत बंकट कडक माणूस. उडत खाली जाणं त्याला मंजूर नव्हतं. फुकट सामान घेणं तर नाहीच. एकदा आरोहीनं आयती कुदळ मागवली, तर त्यानं ती आगीत टाकायला लावली होती. त्यामुळं तो हो म्हणणार याची तिला खात्री होती.

बंकटनं मोबाइल मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "दगडाच्या मागचं दिसत असंल तर बघावं, बाई. त्यात चीटिंग न्हाई."

"न्हाई कशी? मेहनत कुठं झाली?"

"खांदायला लागतंयच की. मेहनत ती. मरायची भीती म्हंजी मेहनत न्हवं."

"मंग चीटिंग काय?"

बंकट मोबाइल कानाला लावून बुडबुडे ऐकत बसला. तेवढ्यात कानातच मिस कॉल वाजला आणि तो दचकला. बारा वाजले होते.

अमावस्येला विहिरीचं काम बंद असतं. त्या दिवशी रामेश्वर घरीच होता. आरोहीनं त्याला विहीर दाखवली. तो पायऱ्या बघून हसला.

"आबा, ही काय बारव बांधली का? द्या हिकडं. पाच मिन्टात पाणी काढतो."

मोबाइल हातात येताच तो विहिरीच्या तळाला जाऊन सरळ पायाखालचंच फोडायला लागला. एक, दोन, पाच. अंगठा थांबेना.

बंकट पुढं सरकला. "खाली ऐकलं का?"

"ऐकलं."

"आवाज हाय का कसला?"

"न्हाई, आबा. सगळं चिडीचूप."

आठवा ठोकळा फुटला आणि सगळा मोबाइल नारिंगी झाला. दीड महिन्याचं लोखंड, कोळसा, कुदळी, सगळं जळून गेलं.

आरोहीनं मोबाइल हिसकला. कडेचं बटण दाबून बघितलं आणि किंचाळली, "पप्पा, आवाज तर बंद हाय! तुमी ऐकलं कशावरून? चीटिंग! ही खरी चीटिंग!"

रामेश्वर हसत सुटला. कडूबाईही हसली. "जळालं एकदाचं."

बंकट हसला नाही. 'ऐकलं.' 'बघितलं, आबा.' दोन्ही एकाच आवाजात, तितक्याच लवकर. असं किती दिवस चाललं होतं? आणि दुसऱ्या दिवशी नऊला तो पुन्हा उतरणार होता.

"रामेश्वर, ठोकतो का रं तू रोज?"

"कावून? काय झालं?"

"खरं सांग."

रामेश्वरचं हसू ओसरलं. "ठोकतो की. सुटल्यासारखं दिसतंय तितं ठोकतो. सगळा गोल घ्यायचा म्हंजी पाऊण तास जातो, आबा. क्रेनवाला बोंबलतो. मालक वरून डोकावतो."

"नाथा बी वरून डोकावत होता."

नाथा बंकटचा जोडीदार. वीस वर्षं दोघं बरोबरच विहिरीत उतरायचे. शिरूर कासारकडच्या एका विहिरीत दरड पडून तो गेला आणि त्याच दरडीत बंकटचा गुडघा गेला. गावानं म्हटलं, काळ आला होता. अकरा वर्षं सगळे तेच म्हणत होते, कडूबाईसुद्धा.

बंकट जमिनीकडं बघत बोलला. "त्या सकाळी पहिला मी उतरलतो. अर्धी कड ठोकली. ऊन वर आलं होतं. नाथा वरून वरडला, ठोकून बघितलं का बे? मी म्हणलो, बघितलं, ये. तो आला. पयलं घमेलं उचललं त्यानं. दगड ऱ्हायलेल्या अर्ध्यातला होता."

कडूबाईच्या हातातलं सूप खाली टेकलं. "आन् इतकी वरसं तुमी..." पदर तोंडाला लावून ती आत निघून गेली.

"काळ न्हवता आला," बंकट म्हणाला. "मी बोलावलं म्हणून तो आला."

दुसऱ्या दिवशी पहाटेच बंकट गाडीजवळ उभा होता. रामेश्वरनं गाडी चालू केली. न वाकणारा पाय बाहेर काढून म्हातारा मागं बसला आणि दोघं चकलांब्याच्या रस्त्याला लागले.

विहिरीवर क्रेनवाला शिवशंकर वायररोप पुसत होता. "काय तात्या, पोराला शाळंत सोडायला आलाव का?"

"व्हय. नापास व्हाया लागलाय."

बंकट काठापासून चार हात मागं बसला. अकरा वर्षांत विहिरीच्या इतक्या जवळ तो आला नव्हता. खालून ओल्या दगडाचा आणि परवा उडवलेल्या सुरुंगाच्या धुराचा वास येत होता. त्यानं दोन्ही हातांनी मांड्या घट्ट दाबून धरल्या. शिवशंकरनं रामेश्वरला खाली सोडलं.

खण. खण. खण.

बंकटनं डोळे मिटले. पूर्वेची बाजू झाली. दक्षिणेची झाली. रामेश्वर सावकाश चालत होता, दोन ठोक्यांत एक पाऊल. वर मालक आला आणि घड्याळ बघून म्हणाला, "आज काय भजन हाय का खाली?"

खण. खण. बद्द.

ठोके थांबले. आवाज त्यानं ऐकला होता, रामेश्वरनंही ऐकला असणार. ओरडायचं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं. पण आज आपण ओरडलो तर उद्या कोण ओरडणार? त्यानं दात आवळले. खाली काहीच हालत नव्हतं. शिवशंकरनं वाकून हाक मारली, "झालं का, रामेश्वर? सोडू का दुसऱ्याला?"

खालून लगेच उत्तर आलं नाही.

"न्हाई," रामेश्वरचा आवाज आला. "सोडू नको कुणाला. हितं बद्द बोलतंय. वर घे मला."

क्रेन गरगरली. रामेश्वरचं डोकं काठाशी आलं, तेव्हा बंकटनं त्याची बंडी धरली आणि त्याचे दोन्ही पाय जमिनीवर टेकले तरी सोडली नाही.

मग लांब पहार घेऊन, कंबरेला दोर बांधून रामेश्वर आणि दुसऱ्या एका गड्यानं वरच्या अंगानं तो दगड पाडला. रेडकाएवढा होता. अमावस्येच्या आदल्या दिवशी जिथं घमेली रचली होती तिथंच पडला. मालकानं घड्याळाकडं पुन्हा बघितलं नाही.

बाराला बंकटनं रामेश्वरचा मोबाइल मागून घरी मिस कॉल दिला. तिकडून आरोहीनं लगेच उलटा फोन केला.

"आबा, नवी विहीर धरलीया मी. आठ ठोकळे झाले."

"ऐकून खांदतीस ना?"

"तीन ठोकळे न्हाई ऐकले, आबा. विसरले."

"बरं झालं सांगितलं," बंकट म्हणाला. "आता वर ये आन् पयल्यापासून ऐक."