मामांचे पंचवीसशे वीस

जगातली सगळी भांडणं एका आकड्यानं मिटवता येतात, असं मानणारा माणूस मी एकच पाहिला. ते माझे दारव्ह्याचे मोठे मामा, आणि तो आकडा पंचवीसशे वीस. एकपासून दहापर्यंत कुठल्याही संख्येनं त्याला भागा, बाकी उरत नाही. "याच्याहून लहान असा आकडा शोधून दाखव, मी मिशी काढतो," असं ते मला लहानपणी म्हणाले होते. मी अख्खी दुपार पाटी घेऊन बसलो. सात जमला की आठ रुसायचा, आठाला समजावलं की नऊ उठून जायचा. मिशी अजून शाबूत आहे.

शेतातल्या तीन गावरान झाडांवरून मामा दर उन्हाळ्यात बरोब्बर पंचवीसशे वीस आंबे उतरवत. तेवढे मोजून झाले, की झाडावरच्या माणसानं फांदीकडे हात पुढे केलेला असला तरी त्याला खाली बोलावत. उरलेले पोपटांचे आणि वानरांचे. मग भावाबहिणींच्या घरी वाटे. घरं सात होती तेव्हा तीनशे साठ, आठ झाली तेव्हा तीनशे पंधरा, दहा झाली तेव्हा दोनशे बावन्न. कुणाला कमी नाही, कुणाची कुरबुर नाही. अकरावर मात्र त्यांचा भारी राग. यवतमाळच्या जीपमध्ये अकरावा माणूस चढला, की हे उतरून उन्हात उभे. "अकराले भाग जात नाही, बाप्पा," एवढंच ड्रायव्हरला सांगत.

त्या रागाचं खरं कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांची लेक सुनंदा आपल्या मनानं लग्न करून आर्णीजवळच्या तांड्यात गेली, ते अकरावं घर. मामी दरवर्षी तिचा वाटा मागायच्या, आणि मामा दरवर्षी गणित पुढे करायचे. एवढा मोठा माणूस लेकीवरचा रुसवा आकड्याआड लपवतो, हे पाहून मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

गेल्या उन्हाळ्यात वाटे पडत असतानाच सुनंदा नवऱ्याच्या गाडीवरून उतरली. ढिगाकडे पाहत म्हणाली, "बाबा, काहून बहाणे करून राह्यले? अकरा घराले दोनशे एकोणतीस, दोनशे एकोणतीस येतात. एकच उरते. तो तुमी खा."

मामा खाली बसले. काडीनं मातीत भागाकार केला, पुसला, पुन्हा केला. जन्मभर बाकी उरू न दिलेल्या माणसापुढे एक आंबा उरला होता. सुनंदानं तो पिळून मऊ केला आणि त्यांच्या हातात दिला. मामा खायला लागले तेव्हा रस कोपरापर्यंत ओघळला, आणि डोळे पुसायला त्यांना कोरडा हात उरला नाही. मी माझ्या खांद्यावरचा दुपट्टा पुढे केला.

यंदा मोहर कमी आला. एक झाड तर वठल्यातच जमा आहे. मामाही थकलेत. "पंचवीसशे वीस काही भरायचे नाहीत, मामा," मी भीतभीतच म्हणालो.

"नाही भरत तं नाही," मामा म्हणाले. "जितके निघतीन, त्याचे अकरा वाटे कर. उरलं ते मी पाहून घेतो."