दाजींचा मॅन टू मॅन

माझ्या थोरल्या नणंदेचा, वन्सांचा, धंदा कवळ्या बनवण्याचा. दवाखान्यांतून ठसे येतात, त्या प्लास्टर ओततात, मेणात एकेक दात बसवतात, जबडा मिटवून बघतात, पटलं नाही तर पुन्हा उचकटतात. तीस वर्षं हेच. ठसा हातात घेतला की माणूस सांगतात. ह्या बाई झोपेत दात खातात, हा गृहस्थ एकाच बाजूनं चावतो, दुसरीकडे दुखतंय आणि डॉक्टरला सांगत नाहीये. त्यांच्या खोलीत फळीवर नेहमी सात-आठ जबडे वाळत असतात. आम्ही वर राहतो, त्या खाली. सुरुवातीला मला तिथे चहा प्यायला अवघडायचं, सगळे आपल्याकडे बघून हसताहेत असं वाटायचं. मग सवय झाली.

बास्केटबॉलशी वन्सांचा काडीचा संबंध नव्हता. तो नाद त्यांच्या यजमानांचा. त्यांना आम्ही सगळेच दाजी म्हणायचो. दाजी लिफ्ट दुरुस्त करत आणि उरलेल्या वेळात इंटरनेटवर बास्केटबॉलचा संघ चालवत. चालवत म्हणजे खेळत नसत. खेळाडू निवडायचे, सराव ठरवायचा आणि प्रत्येक सामन्याआधी बचाव कसा करायचा ते भरून ठेवायचं. पुढचा सामना कंप्युटर खेळतो आणि निकाल दाखवतो. अकरा वर्षं त्यांनी तो संघ पोटच्या पोरासारखा सांभाळला.

बचावात त्यांचा एकच हट्ट: मॅन टू मॅन. ज्यानं त्यानं समोरचा एक माणूस धरायचा आणि सोडायचा नाही. दुसरा प्रकार झोन. त्यात माणूस नाही, जागा राखायची. दाजींच्या मते ते आळशी लोकांचं काम. वन्सं म्हणायच्या, समोर ताडमाड माणसं असतील तेव्हा तरी बास्केटखाली तिघं उभे करा की. त्यांना खेळ कळत नव्हता, पण दाब कुठे येतो ते कळायचं. दाजी ऐकत नसत. ते कशातच कुणाचं ऐकत नसत. छातीत दुखतंय तर एकदा दाखवून या, हे वन्सांनी किती वेळा सांगितलं त्याला गणती नाही.

ते गेले त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. वीजबिलावरून, टेलिफोनवरून, दारावरच्या पाटीवरून त्यांचं नाव उतरलं होतं. त्या खेळात मात्र मालक म्हणून अजून तेच नाव होतं. तेवढ्यासाठी वन्सांनी संघ ठेवला. पण हंगामाच्या शेवटी जो संघ तळाला जातो तो कायमचा बंद होतो, नावासकट. आणि दाजींचा संघ हरत चालला होता.

म्हणून वन्सांनी बचाव बदलायचं ठरवलं. एका दुपारी झोन भरला. निकाल आला तेव्हा संघ मॅन टू मॅन खेळून हरला होता. बटण दाबायचं राहिलं असेल, त्यांना वाटलं. पुढच्या वेळी बटण दाबून, हिरवी खूण बघून मगच उठल्या. पुन्हा मॅन टू मॅन. तिसऱ्या वेळी मात्र त्या जिना चढून वर आल्या.

आमच्या ह्यांनी सांगितलं, दाजींच्या जुन्या फोनवर खेळ उघडा राहिला असेल, तिथून जुनंच भरलं जात असेल. वन्सांनी कपाटातून फोन आणून समोर ठेवला. आठ महिने बंद, बॅटरी फुगून मागचं झाकण उचललेलं. मग हे म्हणाले, सर्व्हरचं काहीतरी असेल. पुरुषांना न कळलेली गोष्ट कंप्युटरवर ढकलता आली की केवढं हायसं वाटतं.

शेवटचा सामना जिंकला तर संघ वाचणार होता, हरला तर गेला. समोरच्या संघाचा भर एका धिप्पाड खेळाडूवर, सगळा मारा बास्केटच्या अगदी जवळून. मॅन टू मॅन ठेवलं तर वाट लागणार हे मलासुद्धा दिसत होतं. वन्सांनी मला दुपारी तीनला खाली बोलावलं.

“वहिनी, तुम्ही नुसतं बघा,” त्या म्हणाल्या. “दोघींना एकदम तर वेड लागायचं नाही.”

साडेतीनला भरणं बंद होतं, चारला सामना. वन्सांनी झोन भरला, खूण आली. पान बंद करून उघडलं. मॅन टू मॅन. मग मी माझ्या बोटानं भरलं, मोठ्यानं वाचलं. पुन्हा उघडलं, तेच. तिसऱ्यांदा आम्ही पान बंदच केलं नाही. दोघी पडद्याकडे डोळे लावून बसलो. खोलीत ओल्या प्लास्टरचा वास, पंखा चालू, बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं. मी घड्याळाकडे एकदाच पाहिलं. तीन पंचवीस. मान वळवली तर शब्द बदललेला होता.

वन्सं घाबरल्या नाहीत. डोळ्यांवरचा चष्मा काढून त्यांनी हातात धरला आणि पडद्याशी बोलल्या, जेवायला बसलेल्या माणसाशी बोलावं तशा.

“अहो, पुरे आता. तुमचं सगळं तुमच्या मनासारखं केलंत आणि गेलात. हे एक मला वाचवू द्या.”

आणि पुन्हा झोन भरला. साडेतीन वाजेपर्यंत मी पडद्यावरून नजर काढली नाही. शब्द बदलला नाही.

संघ झोन खेळला. तीन गुणांनी जिंकला. मी वन्सांचा हात धरला तर तो गार. त्या निकालाकडे बघत नव्हत्याच, त्या झोनच्या शब्दाकडे बघत होत्या.

“ऐकलं,” त्या म्हणाल्या.

“बरं झालं की.”

“बरं कसलं? एकोणतीस वर्षांत हा माणूस एकदा ऐकलेला नाही. ऐकलं म्हणजे ते आता इथे राहिले नाहीत, वहिनी.”



नवा हंगाम महिन्याभरानं सुरू झाला. पहिल्या सामन्यात समोर सगळे बुटके, लांबून नेम धरणारे. अशांना एकेकाला धरूनच ठेवावं लागतं, इतकं आता मलाही समजत होतं. वन्सांना तर माझ्याआधी समजलं होतं. तरी त्यांनी झोन भरला. चुकून नाही. भरला आणि हात मांडीवर ठेवून साडेतीनपर्यंत बसून राहिल्या. झोन तसाच राहिला. संघ बावीस गुणांनी हरला.

असंच चाललं तर संघ जाईल, मी म्हटलं.

“जाऊ देणार नाहीत ते,” त्या म्हणाल्या. “बदलतील.”

दुसऱ्या सामन्याला त्यांनी मला बोलावलं नाही. मी आपणहून खाली गेले. त्या एक कवळी घासत होत्या, कामाकडे न बघता. समोर पडदा उघडा होता, झोन भरलेला, आणि साडेतीनला अजून वीस मिनिटं होती.