माईंचा माड आणि माझं बाथरूम

माझा दीर आंघोळीचं पाणी प्यायचा.

दचकू नका. दीर म्हणजे माड.

प्रकाशच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या बारशाला माझ्या सासूबाईंनी, माईंनी, परसात एक नारळ लावला. बाळाला न्हाऊ घातलेलं पाणी त्याच्या बुडात. तेव्हापासून माई सगळ्यांना सांगायच्या, "ह्यो प्रकाशाचो भाव."

आज माईंना जाऊन वर्ष झालं. हल्ली माझी सून मोबाइलवर 'इको-फ्रेंडली घरासाठी सोप्या टिप्स' बघते, तेव्हा मला हसू येतं. आमच्याकडे टिप्स नव्हत्या. माई होत्या.

ऐंशीच्या दशकात मी कोल्हापूरहून लग्न होऊन वेंगुर्ल्याजवळ या घरात आले. भांडी राखेने आणि नारळाच्या काथ्याने. जुनी साडी आधी गोधडी, मग पायपुसणं, मग चुलीवरचं फडकं. तांदूळ धुतलेलं पाणी अळवाला, मासे धुतलेलं केळीला.

आणि आंघोळीचं दिराला!

न्हाणी म्हणजे परसात झावळ्यांचा आडोसा, खाली एक दगड, आणि तिथून माडाच्या आळ्यापर्यंत काढलेला पाट. दार नाही, कडी नाही. वारा सुटला की आडोसा हलायचा. कोणी चुकून येऊ नये म्हणून मी आत मोठमोठ्याने आरत्या म्हणायचे. शेजाऱ्यांना वाटलं, घाटावरची सून फार धार्मिक आहे.

मे महिन्यात तर कहर. विहीर खाली गेलेली, तरी बाहेरून माईंचा आवाज, "गो सुमन, झाली आंघोळ? आणखी दोन तांबे घे. माडाक पुरूक नाय!"

पिण्याचा पेला अर्धा ठेवला तरी ओरडणारी बाई. पण आंघोळीत कंजूषपणा केलेला चालायचा नाही.

एकदा माहेरून शॅम्पूची बाटली आणली. पाटातून फेस माडापर्यंत गेला आणि माझ्याआधी माई तिथे हजर.

"ह्यो फेस कोणाचो?"

घरात दोनच बायका. त्यातली एक विचारत होती.

"तुका फेस होयो, तर म्हायारी जा न्हावक. हय शिकेकाईच!"

मी पण कोल्हापूरची. त्या रात्री प्रकाशला सांगितलं, मला दाराचं बाथरूम पाहिजे. नाहीतर मी खरंच माहेरी जाते न्हायला.

प्रकाश तालुक्याच्या ऑफिसात क्लार्क. गरीब माणूस, आईला भ्यायचा, मला त्याहून जास्त. दिवाळीच्या आत बाथरूम झालं. पांढऱ्या टाइल्स, शॉवर, आतून कडी! मी ती कडी उगाचच चार वेळा लावून बघितली.

माईंनी आत डोकावलं नाही. त्या घराला वळसा घालून पाइप कुठे जातो ते बघून आल्या. पाइप जात होता रस्त्याकडच्या गटारात.

"रस्त्याक काय नारळ लागतले?"

गवंड्याने प्रकाशकडे बघितलं. प्रकाशने टाइल्सकडे.

"मी त्या बातरुमात न्हावचंय नाय."

आणि नाहीच गेल्या. झावळ्यांच्या आडोशात त्या एकट्या न्हायच्या. पण एका माणसाच्या पाण्याने त्या माडाचं काय होणार? उन्हाळ्यात कोवळी बोंडं गळायला लागली. माई ती ओट्यावर ओळीने मांडून ठेवायच्या. मी जाता-येता बघावं एवढीच अपेक्षा.

मी बघायचेच नाही. बाथरूम माझं होतं आणि मी ते सोडणार नव्हते.

मग एक दिवस प्रकाशचे साहेब जेवायला आले. प्रमोशन त्यांच्या हातात. प्रकाशने त्यांना मोठ्या कौतुकाने हातपाय धुवायला नव्या बाथरूमकडे नेलं.

दारात माई. हातात भरलेली कळशी.

साहेबांसाठी खास ठेवणीतली शुद्ध मराठी, "साहेब, आपण पाय माडाच्या बुडात धुवावेत. या खोलीत पाणी फुकट जाते."

प्रकाशचा चेहरा त्या टाइल्सपेक्षा पांढरा.

साहेबांनी चपला काढल्या, पँट दुमडली आणि गेले माडाखाली. माईंनी कळशी ओतली. पाय झाले, हात झाले, तोंड झालं. तेवढ्यात माई म्हणाल्या, "मान पण धुवून घ्या. उकाडा आहे."

साहेबांनी मानसुद्धा धुतली!

दुसऱ्या दिवशी प्रकाश स्वतः गवंड्याला सायकलवर बसवून घेऊन आला. पाइप फिरवला, थेट माडात. कडी माझी, पाणी माईंचं. असा तह झाला.

संध्याकाळी माई पहिल्यांदा बाथरूममध्ये गेल्या. बराच वेळ शॉवरचा आवाज येत होता. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "बरां आसा. पाऊस पडल्यासारख्यां वाटता."

शॅम्पू मात्र शेवटपर्यंत बंद. पाइपच्या तोंडाशी पहारा असायचा.

मला विचाराल तर ती बाई अतिरेकी होती. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणायचे. त्या म्हणायच्या, "आणि तू?" मग दोघी हसायचो. इतक्या वर्षांत मला त्यांच्यासारखं भांडायला दुसरं कोणी मिळालं नाही.

गेल्या वर्षी त्या गेल्या. शेवटची आंघोळ घालायला बायकांनी अंगणात पाट मांडला. प्रकाश आला. त्याने पाट उचलला आणि परसात माडाजवळ नेऊन ठेवला.

शेजारच्या काकी म्हणाल्या, "रे, पाणी माडात जायत."

"जावंदे. तेचांच आसा."

त्यांच्या केसांना मी शिकेकाईच लावली. पाणी मीच घातलं. आंघोळ झाली तसं कोणीतरी माझ्या हातातला तांब्या घ्यायला लागलं.

मी दिला नाही.

आणखी दोन तांबे घातले.

माई, पाणी माडापर्यंत पोचलं. आता सुखाने जा.