बस वेळेवर आली म्हणून

काहीही काम नसताना सरकारी कचेरीत जायचं आणि नुसते आभार मानून परत यायचं, असं करणारा माणूस अख्ख्या महाराष्ट्रात एकच असावा, आणि तो माझा घरमालक होता. आता माझी बदली डहाणूजवळ वरोरच्या शाळेत झाली आहे, पण त्याआधीची सहा वर्षं मी आणि माझी आई उधव्याच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीला कोपर टेकलेल्या एका पाड्यावर त्यांच्या, म्हणजे काकांच्या, घराच्या पुढच्या दोन खोल्यांत राहिलो. काका वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. घरची थोडी भातशेती, थोडी नाचणी, आणि जगातल्या यच्चयावत विषयांवर ठाम मत. पहिल्याच महिन्यात आम्ही एकाच एसटीने डहाणूला गेलो. उतरल्यावर मी बाजाराकडे वळले, तर काका सरळ नियंत्रकाच्या खिडकीशी. "साहेब, आज गाडी टायमात आली." साहेबांनी चष्मा वर केला. "मग?" "मग काय नाय. तेच सांगायला आलो." हा माणूस कुठल्या पेपरातून आला असावा याचा साहेबांना अंदाज लागेना, आणि शेवटी त्यांनी घाईघाईने तक्रारवही पुढे केली. काकांनी तिच्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'तक्रार नाही', आणि खाली सही केली.

ग्रामसभेतही तेच. लोक रस्त्यावरून भांडत असताना काका उठायचे आणि हातपंप दुरुस्त केल्याबद्दल ग्रामसेवकांचे आभार मानायचे. ग्रामसेवक बिचारे नवीन. त्यांना वाटलं हा टोमणा आहे, म्हणून पुढच्याच आठवड्यात त्यांनी कोणी न सांगता दुसराही पंप नीट करून घेतला. काकांनी त्याचेही आभार मानले, तेव्हा मात्र ग्रामसेवक रजेवर गेले.

राजकारणाबद्दल काकांचं म्हणणं थोडक्यात होतं. "मॅडम, ही कबड्डीच आहे. फरक एवढाच, कबड्डीत बाद झालेला बाहेर बसतो, इथं तो पलीकडच्या टीममधनं परत खेळतो." निवडणूक आली की सगळ्याच पक्षांचे लोक त्यांच्या पडवीत येऊन कोरा चहा पीत. काका कोणालाच नाही म्हणत नसत. एका पुढाऱ्याला त्यांनी अगदी मायेने विचारलं होतं, "मागच्या खेपेला गळ्यातला गमछा वेगळा होता. आता कुठल्या पक्षात? घाई नाय, सावकाश आठवून सांगा." हिवाळ्यात टेनिस बॉलचे क्रिकेटचे सामने लागले की माइक काकांकडे. चांगल्या फटक्याचं कौतुक ते गुजरातीत करत, विकेट मराठीत सांगत आणि पंचाच्या चुका वारलीत काढत, कारण पंच वलसाडकडून आणलेला असे आणि त्याला ती कळत नसे. शून्यावर बाद झालेल्या फलंदाजाचेही ते माइकवरून आभार मानत. "एवढ्या उन्हात बॅट घेऊन आला, हे काय कमी नाय."

खरं सांगायचं तर मला या सगळ्याचा कंटाळा यायचा. मी तक्रार अर्ज लिहिणाऱ्यांतली. काका दर सोमवारी तालुक्याच्या रुग्णालयात जात आणि काकींना बीपीच्या गोळ्या वेळेवर मिळतात म्हणून तिथल्या सिस्टरांचे आभार मानून येत. मी एकदा म्हटलंही, "काका, ते त्यांचं कामच आहे." ते म्हणाले, "हो ना. आणि ते करतात."

मग एका सकाळी परसात भाजी खुडताना आईच्या पायाला काहीतरी चावलं. "फुरसं आहे," आई म्हणाली, "मी बघितलं." शेजारी धावले, कोणी दोरी आणली, कोणी पाला आणायला निघालं. काका पडवीतून उतरले. "बांधायचं नाय. चालवायचं पण नाय. खाटेवरच असू द्या." मी जवळच्या दवाखान्याचं नाव घेतलं, तर म्हणाले, "तिथले डॉक्टर आज ट्रेनिंगला गेलेत. तालुक्याला चला." रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरचा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये होता, कारण त्याचेही आभार कधीतरी मानून झाले होते. मग त्यांनी रुग्णालयात फोन लावला. सिस्टरांचा आवाज मला बाहेर ऐकू आला. "काय काका, आज सोमवार नाही. आज कशाचे आभार?"

"आज काम आहे," काका म्हणाले.

वाटेत आई थरथरत होती. घाबरू द्यायचं नाही, असं सिस्टरांनी बजावलं होतं, म्हणून काकांनी तिला आदल्या दिवशी टीव्हीवर पाहिलेला क्रिकेटचा सामना पहिल्या चेंडूपासून सांगायला घेतला. आईने जन्मात क्रिकेट पाहिलं नव्हतं.

"तो पळतो कशाला?"

"रन काढायला," काका म्हणाले.

"आणि नाही काढली तर?"

"तर उभा राहतो."

"मग उभंच राहावं की. कोण मारतंय का त्याला?"

काका हसले, ड्रायव्हर हसला, आणि मी तिचा हात धरून रडत होते. दार उघडलं तेव्हा सिस्टर स्ट्रेचर घेऊन बाहेरच उभ्या होत्या.

आई वाचली. काही दिवसांनी घरी आली, पायाची सूज उतरली, आणि एका दुपारी आम्ही दोघी शिऱ्याची वाटी घेऊन काकांच्या पडवीत गेलो. मी वाक्य पाठ करून गेले होते. "काका, तुमचे आभार..." एवढंच म्हटलं, तर ते कानापर्यंत लाल झाले. "म्हशीला पाणी दाखवायचंय," असं पुटपुटत उठले आणि शेताकडे निघून गेले. म्हैस त्यांनी दोन वर्षांपूर्वीच विकली होती.

काकी हसल्या. मग म्हणाल्या, "त्यांना सवय नाय." नोकरीत असताना एका वादळात काका तीन दिवस घरी आले नव्हते, काकी सांगत होत्या. खांबामागून खांब उभे करत पाड्यापाड्यांची लाइन जोडत होते. शेवटच्या पाड्यावर दिवे लागले, तशी अंगणातली माणसं आनंदाने घरात पळाली, आणि काका खांबावरच राहिले. "घरी येऊन बोलले, एकानं पण वर बघितलं नाय. रागानं नाय हो. नुसतं बोलले. रिटायर झाले आणि मग हे सुरू केलं."

मी शेताकडे बघितलं. भात पोटरीत आलं होतं, लोंब्या फुटायच्या बेतात होत्या, आणि त्याच्या मधोमध काका बांधावर आमच्याकडे पाठ करून उभे होते. आईने वाटी उचलली, चपला सरकवल्या आणि अजून थोडा लंगडणारा पाय जपत बांधावरून चालू लागली. काकांना तिची चाहूल लागली असावी. ते वळले नाहीत, पण डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात घेतली आणि आई पोहोचेपर्यंत तसेच उभे राहिले.